‘वरून बघितलं, तिकडे कुणी नाही’

शोधमोहिमेच्या तळावर, नकाशा पसरलेल्या टेबलाशी, हल्ली हे वाक्य हमखास कानावर पडतं. ‘वरून बघितलं, तिकडे कुणी नाही.’ सांगणारा बहुधा तरुण असतो. ड्रोन त्याच्या मालकीचा, बॅटऱ्या पदरमोड करून घेतलेल्या, आणि झोपेतून उठून तो थेट इथे आलेला. त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं काही कारणच नाही. मोहीमप्रमुख मान हलवतो, नकाशावरच्या त्या तुकड्यावर पेन्सिलीनं फुली मारतो, आणि पायी निघालेली तुकडी दुसऱ्या बाजूला वळते. मला लिहायचं आहे ते या फुलीबद्दल.

हरवलेल्या माणसांच्या शोधात स्वयंसेवकांनी आपले लहान ड्रोन उडवावेत की नाही, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, जीव वाचवायची वेळ असताना नियम कसले विचारता, ज्याच्याकडे ड्रोन आहे त्यानं उडवावा. दुसरं म्हणतं, हौशी लोकांना या कामाच्या आसपास फिरकू देऊ नका, हे काम गणवेशातल्यांचं. दोघं भांडतात ते उडवण्यावरून. पण उडवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. यंत्र वाऱ्यात आपलं आपण सावरतं, बॅटरी संपत आली की आपलं आपण परत येतं. अवघड आहे ते खाली उतरल्यावर काय सांगायचं, ते. माझं म्हणणं असं की स्वयंसेवकांना ड्रोनसकट मोहिमेत घ्यावं आणि आढेवेढे न घेता घ्यावं. पण ‘नाही’ म्हणजे किती नाही, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या शब्दावर नकाशात फुली पडू नये.

ड्रोनच्या यशाच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, आणि त्या खऱ्याही आहेत. मे 2013 मध्ये कॅनडातल्या सस्कॅटून शहराबाहेर रात्री एक गाडी उलटली. जखमी चालक भांबावलेल्या अवस्थेत गाडी सोडून कुठेतरी चालत गेला. थंडी गोठवणारी होती. पायी शोध झाला, रात्री पाहू शकणारी दुर्बीण घेऊन हेलिकॉप्टर फिरलं, तो सापडला नाही. शेवटी पोलिसांनी उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचा लहान ड्रोन सोडला आणि झाडाच्या बुंध्याशी मुटकुळं करून पडलेला तो माणूस पडद्यावर दिसला. लहान ड्रोनमुळे जीव वाचल्याची ही पहिली घटना, असं तेव्हा म्हटलं गेलं. या गोष्टीतला एक तपशील मात्र सांगताना गळून जातो. त्याच्या फोनवरून त्याचं शेवटचं ठिकाण पोलिसांना कळलेलं होतं. ड्रोन नेमका तिथे गेला.

जुलै 2018 मध्ये पाकिस्तानातल्या ब्रॉड पीक या 8,051 मीटर उंचीच्या शिखरावर एक ब्रिटिश गिर्यारोहक घसरला आणि मेला असं समजून त्याची आशा सोडून देण्यात आली. शेजारच्या केटू शिखरावरून स्की करत उतरण्याच्या मोहिमेसाठी आलेल्या पोलिश भावांकडे चित्रीकरणाचा साधा ड्रोन होता. तो त्यांनी वर पाठवला, गिर्यारोहक जिवंत दिसला, आणि त्याच्यापर्यंत जायची वाट बचावपथकाला ड्रोनच्या चित्रांवरून कळली. पण त्याआधी तळावरून उतारावर काहीतरी नजरेस पडलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या लेनॉक्स हेडच्या किनाऱ्यावर जीवरक्षकांच्या ड्रोननं लाटांत अडकलेल्या दोन मुलांपाशी फुगणारी तरंगनळी टाकली. ड्रोन उडाल्यापासून नळी पाण्यात पडेपर्यंत सव्वा मिनिटसुद्धा गेलं नव्हतं. तिथेही मुलं कुठे आहेत ते किनाऱ्यावरून दिसलेलं होतं.

या तिन्ही ठिकाणी ड्रोननं जे केलं ते थोर होतं, यात वाद नाही. पण कुठे बघायचं हे आधीच कळलेलं होतं. आता नेहमीची मोहीम घ्या. ‘काल दुपारी या वाटेवर दिसले होते, नंतर नाही.’ एवढीच माहिती. माणूस तिथून कुठल्याही दिशेला तीन किलोमीटर गेला असेल असं धरलं, तर शोधायचं क्षेत्र अठ्ठावीस चौरस किलोमीटर होतं. साधा कॅमेरा असलेला ड्रोन साठ मीटर उंचीवरून साधारण नव्वद मीटर रुंदीचा पट्टा पाहतो. पट्टे एकमेकांवर थोडे चढवायचे, कडा सुटू द्यायच्या नाहीत, म्हणजे हाताशी राहतात पासष्ट मीटर. सेकंदाला पाच मीटर वेगानं, एका बॅटरीत वीस मिनिटं खऱ्या कामाची धरली, तर सहा किलोमीटर लांबीचा पट्टा झाला. हिशोब केला की एका बॅटरीत चाळीस हेक्टरपेक्षा थोडं कमी क्षेत्र बसतं. अठ्ठावीस चौरस किलोमीटरला सत्तरहून जास्त बॅटऱ्या लागतील, तेही वारा नाही, पाऊस नाही, डोंगर नाही असं मानून. थंडीत तर बॅटरी निम्म्यावरच मान टाकते; जाणती मंडळी ती उडवण्याआधी अंगाशी धरून गरम ठेवतात.

म्हणजे बहुतेक उड्डाणांत काही सापडणार नाही. हा ड्रोनचा दोष नाही, ही शोधकार्याची प्रकृतीच आहे. शंभरातली नव्वद उड्डाणं जर ‘नाही’ घेऊन परतणार असतील, तर त्या ‘नाही’ची गुणवत्ता हीच त्या कामाची गुणवत्ता. नेमकं याच गोष्टीकडे कुणाचं लक्ष नसतं.

एका सरावात मी स्वतः पडद्यासमोर बसलो होतो. आमचाच एक सहकारी निळं जॅकेट घालून झुडपांच्या कडेला लपला होता. लपला म्हणजे अगदी दडून नव्हे. हरवलेला, दमलेला माणूस जसा सावली धरून बसेल तसा. मी त्याच्यावरून दोनदा गेलो आणि खात्रीनं सांगितलं की त्या बाजूला कुणी नाही. संध्याकाळी चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली. तो दोन्ही वेळा होता. एकदा बूट दिसत होता, एकदा गुडघा. तो म्हणाला, मी हात हलवत होतो रे, दोन्ही वेळा. त्याला ड्रोन स्वच्छ दिसत होता. खरोखरीच्या मोहिमेत त्या माणसाच्या मनाचं काय होत असेल, याचा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

हे एकट्या माझ्या डोळ्यांचं अपयश असतं तर मी हा लेख लिहिला नसता. नजर चुकते, ती किती चुकते याचं गणित मात्र मांडता येतं, आणि ते ऐंशी वर्षांपूर्वीच मांडून झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करताना बर्नार्ड कूपमन या गणितज्ञानं समुद्रात पाणबुड्या कशा शोधाव्यात याचा अभ्यास केला. त्यातून आलेली एक साधी गोष्ट अशी: आपली नजर जेवढं क्षेत्र पुरं करू शकते तेवढ्याच क्षेत्रफळावर विस्कळीतपणे शोध घेतला, तर तिथे असलेली वस्तू सापडण्याची शक्यता शंभर टक्के नसते, त्रेसष्ट टक्के असते. काही जागा दोनदा पाहिल्या जातात, काही एकदाही नाही. तेवढाच शोध पुन्हा घेतला तर शक्यता शहाऐंशीवर जाते. शंभरावर ती कधीच जात नाही. जमिनीवरच्या शोधपथकांनी पुढे हाच विचार उचलला आणि प्रत्येक तुकडी परतली की तिला विचारायचं ठरलं: तो तिथे असता, तर तुम्हाला सापडण्याची शक्यता किती होती?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं हलतं. समजा एका ओढ्याच्या खोऱ्यात माणूस असण्याची शक्यता चाळीस टक्के वाटते आहे. ड्रोन फिरला, काही दिसलं नाही. तिथे माणूस असता तर पन्नास टक्के वेळा दिसला असता, असं पायलटनं प्रामाणिकपणे सांगितलं, तर खोऱ्याची शक्यता चाळिसावरून पंचवीसवर येते. कमी झाली, पण अजून ती नकाशावरच्या इतर कितीतरी तुकड्यांपेक्षा जास्त असेल. तुकडी तिथे पायी जाईल. आता त्याच पायलटनं छातीठोकपणे पंच्याण्णव टक्के सांगितलं तर? खोऱ्याची शक्यता तीन टक्क्यांवर कोसळते. माणूस जिथे होता तिथेच आहे. डोंगरात काहीही बदललेलं नाही. बदललं ते टेबलावर, आणि तुकडी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला निघाली.

खोट्या ‘नाही’ची किंमत किती मोठी असू शकते याचं उदाहरण ड्रोनचं नाही, समुद्राचं आहे. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 1 जून 2009 ला अटलांटिकमध्ये कोसळलं. 228 माणसं गेली. विमानातल्या दोन्ही रेकॉर्डरना, म्हणजे ‘ब्लॅक बॉक्स’ना, पाण्याखाली महिनाभर आवाज करत राहणारी यंत्रं जोडलेली होती. जहाजांनी पाण्यात ऐकणारी उपकरणं ओढत पहिल्याच महिन्यात बराच भाग तपासला. काही ऐकू आलं नाही. साहजिकच, जिथे ऐकून झालं तिथे विमान नसावं असं धरून पुढचा शोध इतरत्र वळला. दोन वर्षं गेली. मग शक्यतांचा हिशोब करणाऱ्या एका गटानं सगळं पुन्हा मांडलं आणि एक गृहीतक बदलून पाहिलं: ती आवाजाची यंत्रं चाललीच नसतील तर? नकाशावरचा सगळ्यात जास्त शक्यतेचा दाट डाग लगेच सरकला आणि विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळ येऊन बसला. एप्रिल 2011 मध्ये अवशेष सापडले, त्या ठिकाणापासून अवघ्या बारा किलोमीटरवर. जिथे ‘ऐकून झालं होतं’ त्या भागात.

तिथे शोधणारे जगातले उत्तमातले लोक होते, आणि घाईनं वाचवण्यासारखं दुर्दैवानं कुणी उरलेलं नव्हतं. डोंगरात रात्र पडायला चार तास असताना आणि खाली घरचे लोक उभे असताना हीच चूक किती सहज होईल, ते वेगळं सांगायला नको.

थर्मल कॅमेऱ्यानं हा प्रश्न सुटतो, असा एक समज फार पसरलेला आहे. चित्रपटांनी तो पसरवला आहे, विक्रेत्यांनी तो खोडलेला नाही. थर्मल कॅमेरा कशाच्याही आरपार पाहत नाही. समोर जो पृष्ठभाग आहे त्याच्यातून निघणारी उष्णता तो पाहतो. पानांचं छत असेल तर त्याला पानं दिसतात. काच असेल तर काच दिसते, गाडीत बसलेला माणूस नाही. जाड जॅकेट चांगलं असेल तर ते उष्णता बाहेर सोडतच नाही. मग उरतो तो चेहरा, तोही वर वळलेला असेल तर. दिवसभर तापलेले खडक संध्याकाळी माणसासारखेच उजळ दिसतात, म्हणून या कॅमेऱ्याची खरी वेळ पहाटेची, उजाडायच्या आधीची, जेव्हा जमीन थंड झालेली असते. आणि माणूस गारठत गेला की त्याच्या अंगाचा बाहेरचा भाग आसपासच्या मातीच्या जवळ जात जातो. ज्याला सगळ्यात तातडीनं शोधायला हवं तो सगळ्यात फिका दिसतो. या तंत्राचा हा क्रूर विनोद आहे.

त्यातही कॅमेऱ्या-कॅमेऱ्यात जमीन-अस्मानाचं अंतर. आडवे फक्त 160 पिक्सेल असलेला स्वस्त थर्मल कॅमेरा साठ मीटरवरून पासष्ट मीटरचा पट्टा पाहतो. म्हणजे एक पिक्सेल चाळीस सेंटीमीटरचा. उभा किंवा बसलेला माणूस वरून एक-दोन ठिपक्यांत संपला. आडवे 640 पिक्सेल असलेला, अरुंद भिंगाचा कॅमेरा तेवढ्याच उंचीवरून एका पिक्सेलमध्ये पाच-सहा सेंटीमीटर टिपतो, पण पट्टा पस्तीस मीटरवर येतो आणि बॅटऱ्या दुप्पट लागतात. दोन्ही पायलट परत येऊन एकच वाक्य सांगतात: ‘थर्मलनं बघितलं.’ हे दोन ‘बघितलं’ एकाच वजनाचे नाहीत आणि टेबलावरच्या माणसाला तो फरक कळायलाच हवा.

खरी टंचाई मात्र यंत्राची नसते, डोळ्यांची असते. वर ज्या एका बॅटरीचा हिशोब केला, तिच्यात फोटो काढत गेलो तर सव्वाशेच्या आसपास फोटो येतात. एक फोटो नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहायला एक मिनिट धरलं तरी वीस मिनिटांच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त बसणं आलं. तीन ड्रोन दिवसभर उडाले की रात्री हजारो फोटो पडून असतात आणि ते पाहायला कुणीही जागं नसतं. उडवायला पंधरा जण पुढे येतात. पाहायला बसायला कुणी येत नाही, कारण त्यात मजा नाही, कुणी आपला फोटोही काढत नाही. एखाद्याला या कामात मदत करायची असेल आणि ड्रोन घ्यायला पैसे नसतील, तर त्यानं मुळीच वाईट वाटून घेऊ नये. चांगला पडदा, शांत खोली आणि तासाभरानंतर डोळ्यांना विश्रांती द्यायची शिस्त असलेला माणूस सहाव्या ड्रोनपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

इथे संगणकाची मदत होते, आणि ती खरोखरची आहे. इटलीतल्या मोनव्हिसो पर्वतावर सप्टेंबर 2024 मध्ये बेपत्ता झालेल्या एका गिर्यारोहकाचा मृतदेह जुलै 2025 मध्ये सापडला तो असाच. दोन ड्रोननी सुमारे 2,600 फोटो काढले, संगणकप्रणालीनं त्यातले वेगळ्या रंगाचे ठिपके निवडून दिले, आणि त्यातला एक लाल ठिपका त्याचं हेल्मेट निघालं. माणसांना तेवढ्या फोटोंत तो ठिपका हुडकायला आठवडे लागले असते. पण कुठल्या घळींचे फोटो काढायचे हे पर्वत ओळखणाऱ्या माणसांनी ठरवलं होतं, आणि निवडलेल्या ठिपक्यांतले कुठले तपासायचे हेही माणसांनीच. शिवाय हेल्मेट लाल होतं. करड्या कपड्यांतला माणूस करड्या दगडांत असता, तर प्रणालीनं काहीच दाखवलं नसतं आणि आपण त्यालाही ‘नाही’ समजलो असतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हौशी ड्रोनवर सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांची भीती काल्पनिक नाही. जुलै 2025 मध्ये टेक्ससच्या केर काउंटीत पुरानंतर शोध चालू असताना, बंद केलेल्या हवाई हद्दीत घुसलेला एक खासगी ड्रोन मदतकार्यातल्या हेलिकॉप्टरवर आदळला. हेलिकॉप्टरला तातडीनं उतरावं लागलं आणि ऐन गरजेच्या वेळी ते कामातून गेलं. त्याच वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसजवळच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोननं भोक पाडलं. अर्धा किलोचं खेळणं काय करणार, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन प्रसंग लक्षात ठेवावेत. बहुतेक देशांत लहान ड्रोनला जमिनीपासून 120 मीटर, म्हणजे 400 फुटांची मर्यादा आहे, पण शोधातली हेलिकॉप्टरं त्याच पट्ट्यात खाली उतरतात. कागदावरचा नियम पाळूनही टक्कर होऊ शकते.

पण बंदी हा उपाय करून झालेला आहे. 2014 मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनानं टेक्सस इक्वुसर्च या स्वयंसेवी शोधसंस्थेच्या ड्रोनचालकाला ईमेलवरून कळवलं की तुम्ही उडवता ते बेकायदा आहे. संस्था न्यायालयात गेली. जुलैमध्ये अपील न्यायालयानं याचिका निकाली काढली, पण कारण मोठं बोलकं होतं: तो ईमेल म्हणजे बंधनकारक आदेशच नव्हे, मग आव्हान कशाला द्यायचं? संस्थेनं तो निकाल आपल्या बाजूचा मानला. एवढ्या मोठ्या प्रशासनाकडे या कामासाठी नीट नियमही नव्हता आणि नीट मनाईही नव्हती. अशा पोकळीत कायदा पाळणारे थांबतात. न पाळणारे कुणाला न विचारता उडवतातच, आणि ते कुठे उडवत आहेत हे मोहीमप्रमुखाला माहीत नसतं. स्वयंसेवकाला दाराबाहेर ठेवलं की त्याचा ड्रोन बाहेर राहत नाही, फक्त त्याची नोंद बाहेर राहते.

आणि स्वयंसेवक का हवेत? कारण जगातल्या कितीतरी भागांत शोध आणि बचाव हे मुळातच स्वयंसेवकांचं काम आहे. ब्रिटनमधली डोंगरी बचावपथकं स्वयंसेवकांचीच आहेत. सरकारी यंत्रणा पोहोचेपर्यंत पहिले काही तास जे तिथे असतात तेच शोधतात, आणि हरवलेल्या माणसाच्या दृष्टीनं तेच तास मोलाचे. त्यांना वाटा ठाऊक असतात, कुठे पाणी आहे ते ठाऊक असतं, थकलेला माणूस कुठल्या उताराला लागेल याचा अंदाज असतो. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध माणसं बऱ्याचदा समोर चालत राहतात आणि काटेरी झुडपांत, कुंपणात अडकली की तिथेच थांबतात, हाकेला ओ देत नाहीत. ज्याला हे माहीत आहे त्याचा ड्रोन मोकळ्या माळावर वेळ घालवत नाही. हे ज्ञान यंत्रात नसतं, म्हणून परगावाहून आलेला महागडा ड्रोन स्थानिक पथकाच्या साध्या ड्रोनपुढे कमी पडू शकतो.

एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये याची दुसरी बाजू दिसली. मदतीला म्हणून जगभरातून ड्रोन घेऊन माणसं उतरली. कोण कुठे उडवतंय, चित्रं कुणाकडे जात आहेत, याचा मेळ राहिला नाही, आणि काही दिवसांत तिथल्या सरकारला परवानगीशिवाय उडवण्यावर निर्बंध घालावे लागले. पडझडीची विलक्षण दृश्यं जगानं पाहिली. ढिगाऱ्याशी उभ्या असलेल्या माणसाला त्यांतली किती मिळाली, हा प्रश्न निराळा.

तेव्हा आत घ्यायचं ते कसं? आपत्ती येण्याआधी. मोहिमेच्या सकाळी तळावर येऊन ‘माझ्याकडेही ड्रोन आहे’ म्हणणाऱ्याला आदरानं चहा द्यावा आणि फोटो पाहायला बसवावं. उडवायचं असेल तर नाव आधी नोंदलेलं हवं, त्या पथकाबरोबर सराव झालेला हवा, आणि तळावर हवेचा कारभार बघणारा एकच माणूस हवा, ज्याच्या होकाराशिवाय काहीही वर जाणार नाही आणि ज्यानं ‘खाली’ म्हटलं की सगळं खाली येईल. अमेरिकेतल्या 2005 च्या कतरिना वादळानंतर, आपत्तीत यंत्रमानव कसे वापरावेत याचा अभ्यास करणाऱ्या रॉबिन मर्फी यांच्या गटानं लहान उडती यंत्रं प्रत्यक्ष वापरली आणि त्या अनुभवावरून तीन जणांचं पथक सुचवलं: एक उडवणारा, एक फक्त चित्र पाहणारा, एक आकाशावर आणि एकूण कामावर लक्ष ठेवणारा. वीस वर्षं झाली, अजूनही मी एकटा माणूस एका हातानं ड्रोन सांभाळत, उन्हात तळहाताएवढ्या पडद्यात डोळे रुतवून माणूस शोधताना पाहतो. त्याला दोन्ही जमत नाही. कुणालाच जमत नाही.

काही गोष्टी लहान वाटतात, पण सरावातच कळतात. ड्रोन जी उंची दाखवतो ती बहुधा उडालेल्या जागेपासूनची असते. समोर डोंगर चढत गेला तर पडद्यावर शंभर मीटर दिसत असताना ड्रोन झाडाच्या शेंड्याला टेकलेला असू शकतो. पायी तुकड्या शिट्टी वाजवून मग ठरलेली दोन मिनिटं गप्प राहतात, कुठून उत्तर येतं का ते ऐकायला. त्या दोन मिनिटांत डोक्यावर ड्रोन घोंघावत असेल तर सगळं मुसळ केरात. म्हणून हवेच्या माणसाला शिट्टीचं वेळापत्रक ठाऊक हवं.

एका गोष्टीवर मी तडजोड करणार नाही. टिपलेली प्रत्येक चित्रफीत मोहिमेची, उडवणाऱ्याची नव्हे. उतरल्यावर मेमरी कार्ड टेबलावर, नक्कल कुणाच्याही फोनमध्ये नाही. कित्येक शोध मृतदेहापाशी संपतात. घरच्यांना ती बातमी कुणीतरी शेजारी बसून सांगायची असते. त्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, संगीत लावलेल्या तुकड्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचली, तर त्या स्वयंसेवकानं केलेल्या सगळ्या कामावर पाणी पडलं असं मी मानतो. शिवाय शोधताना लोकांची अंगणं, गच्च्या, खिडक्या टिपल्या जातात. ते लोक हरवलेले नाहीत. त्यांच्या चित्रांवर कुणाचाच हक्क नाही.

पायलट मंडळी यावर कुरकुरतात. म्हणतात, जीव जातोय आणि तुम्ही फॉर्म भरायला सांगता. त्यांची चिडचिड मला कळते. सरावात गुडघा चुकवायच्या आधी मीही अशीच कुरकुर करत होतो. पण मागितलं जातंय ते फार नाही. कुठल्या कडेपासून कुठल्या कडेपर्यंत उडालात, किती उंचीवरून, कुठल्या कॅमेऱ्यानं, चित्र चालू असताना पाहिलं की थांबवून. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या भागात तुम्हाला काय दिसूच शकत नव्हतं. दाट झाडी कुठे होती, कड्याखालची सावली कुठे होती, ऊन डोळ्यांवर कुठे येत होतं. बॅटरी बदलायला लागतो तेवढ्या वेळात हे सांगून होतं. ज्याला हे सांगताना अडखळायला होतं त्याला उडवताना आपण काय पाहत होतो हेच लक्षात राहिलेलं नसतं, आणि तेही टेबलाला कळलेलं बरं.

यावर मोहीमप्रमुखांचाही एक आक्षेप असतो: शक्यतेचे आकडे सांगायची सवय आमच्या माणसांना नाही, उगाच काहीतरी सांगतील. खरं आहे. सुरुवातीला सगळेच फुगवून सांगतात. त्यावर औषध एकच, सराव करताना माणूस लपवायचा आणि पायलटला आधी आकडा लिहून द्यायला लावायचा. नव्वद लिहिणाऱ्याला निम्म्या वेळा माणूस सापडला नाही, असं चार-पाच सरावांत दिसलं की तो आपणहून साठ लिहू लागतो. अपमान कुणाचा होत नाही. सगळ्यांचेच आकडे उतरतात. आमचेही उतरले.

निळ्या जॅकेटच्या त्या सरावानंतर आम्ही नकाशावर फुली मारायचं बंद केलं. ड्रोन ज्या तुकड्यावरून जातो त्यावर पेन्सिलीनं तिरप्या रेघा ओढतो: माळावर दाट, झाडीत विरळ. कड्याखालच्या सावल्यांवर एकही नाही. गेल्या वेळी तळावर नवीन आलेल्या एका मुलीनं तो नकाशा पाहून विचारलं, ही मधली कोरी जागा राहिली वाटतं? हो, म्हटलं, तिकडे ड्रोन दोनदा जाऊन आलाय. आता पायी जायचंय.